डावीकडची काठी

बोटीच्या उजवीकडची गळाची काठी पुन्हा वाकली. डावीकडची, म्हणजे एमेटची, सकाळपासून होती तशीच ढिम्म उभी होती.

कॅप्टन हार्लन प्रुइटनं रीळ फिरवायला घेतलं आणि मध्येच थांबून काठी एमेटपुढे धरली. "घे, ओढ तू. वर आला की तुझाच म्हणू."

एमेटनं हात पुढे केलाही होता. पण कॅप्टनची मुलगी कोरीन मध्ये पडली. ज्याच्या काठीला लागला त्याचाच मासा, असं तिनं बापाला ठणकावलं आणि एमेटच्या खांद्यावर हात ठेवला. "त्याला उपकाराचा मासा नको आहे, डॅडी. तो स्वतःचा पकडेल."

एमेटला बरं वाटलं. आपल्यावर एवढा भरवसा ठेवणारी बायको मिळणार, या विचारानं त्याची रिकामी काठीसुद्धा थोडा वेळ त्याला टोचेनाशी झाली. मासा मग कॅप्टननंच वर घेतला. काळ्या पट्ट्यांचा, चांगला हातभर लांब रॉकफिश.

प्रुइटांच्या घरात रीतच होती तशी. मुलीला मागणी घालणाऱ्यानं आधी घरच्या बोटीवर येऊन छत्रीवर रॉकफिश पकडायचा, मग पाद्रीबाबांकडे तारीख काढायला जायचं. कॅप्टनच्या दोन्ही बहिणींच्या नवऱ्यांना त्यातून जावं लागलं होतं. चेसापीक उपसागराच्या त्या किनाऱ्यावर सगळे या रीतीची टर उडवायचे, आणि आपल्या मुलींसाठी तीच पाळायचे. एमेट पडला कोंबड्यांच्या खाद्याचा ट्रक चालवणारा. कोंबडी गळाला लागत नाही हे त्याला गावातल्या प्रत्येकानं एकदा तरी ऐकवलं होतं. आधीच्या दोन फेऱ्या कोरड्या गेल्या होत्या आणि हंगाम आज संपत होता. आज नाही लागला तर गोष्ट थेट वसंतावर जाणार, आणि तोवर कोरीनचं मन थांबेल की नाही या धास्तीनं त्याची झोप उडाली होती. रीत मोडून लग्न नको, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बापाचा मान राखते म्हणून त्याला ती जास्तच आवडली होती.

छत्री म्हणजे कापड नसलेल्या छत्रीच्या नुसत्या काड्या. प्रत्येक काडीला तारेनं रबरी मासे लोंबतात. संथ चालत्या बोटीमागे ती ओढली की लहान माशांचा कळपच चाललाय असं रॉकफिशला वाटतं. त्यातले बहुतेक फक्त दाखवायचे असतात. गळ दोघांनाच, कायदा तेवढेच लावू देतो. हे दोघे कळपाच्या मागे रेंगाळत ठेवतात, कारण रॉकफिश नेमका मागे पडलेल्यालाच धरतो.

दुपारी एमेटच्या दोरीला पुन्हा शेवाळ लागलं. शेवाळ काढायचं काम कोरीनचं, पण ती आत स्क्रॅपलची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या तळलेल्या वड्यांची, सँडविचेस करत होती. म्हणून त्यानंच छत्री वर ओढली. हिरवा गुंता सोडवताना त्याचा हात मागच्या दोन माशांवरून फिरला आणि थांबला. पोटाखाली काहीच टोचलं नाही. त्यानं दोन्ही उलटे करून पाहिले. नुसतं रबर होतं.

म्हणजे सकाळपासून तो पाण्यात खेळणी फिरवत होता.

चूक झाली असेल, असं आधी त्याला वाटलं. पण छत्र्या कॅप्टननंच बांधल्या होत्या, आणि इतकी वर्षं याच धंद्यात घालवलेला माणूस अशी चूक करतो होय? मग मुद्दाम? मुद्दामच असेल तर मघाशी आपला मासा कशाला देऊ करत होता? हसायला? सकाळपासून म्हातारा नजरेला नजर देत नव्हता, हेही आता त्याच्या ध्यानात आलं. बोलावं तर होणाऱ्या सासऱ्यावर आळ येतो, न बोलावं तर मुलगी हातची जाते. त्याच्या डोक्याचा नुसता भुगा झाला.

शेवटी कॅप्टनच्या पेटीतून गळ असलेले दोन मासे त्यानं गुपचूप उचलले आणि मागच्या तारांच्या चापांत अडकवले. तेवढ्यात समोरून मालवाहू जहाज येताना दिसलं आणि कॅप्टननं त्याला नजर ठेवायला सुकाणूपाशी हाक मारली. कोरीन हात पुसत बाहेर आली. "तू जा, छत्री मी सोडते."

जहाज मागे पडतं न पडतं तोच डावी काठी कमरेतून वाकली. रीळ किंचाळलं. एमेट धावला, दोन्ही हातांनी काठी धरली, आणि दोरी एकदम सैल पडली. त्यानं छत्री वर ओढली. मागच्या एका माशाची शेपटी कुरतडलेली होती. गळ दोन्हींना नव्हते.

संतापानं त्याचे कान तापले. तो मासा चापातून काढून, मुठीत धरून तो सुकाणूपाशी गेला. कोरीन मागे छत्रीच्या तारा सरळ करत बसली होती. इंजिनाच्या आवाजात तिला काही ऐकू येण्यासारखं नव्हतं.

"कॅप्टन, मी नको असेन तर तोंडावर सांगा. हे असले धंदे कशाला?"

कॅप्टननं त्याच्या मुठीतल्या रबराकडे पाहिलं. आश्चर्य त्याला अजिबात वाटलं नाही. उलट तो एकदम म्हातारा दिसायला लागला.

"तू नको असतास, तर माझ्या काठीवरचा मासा मी तुझ्या नावावर घालायला निघालो असतो का?"

"पण मी आत्ता माझ्या हातानं गळाचे मासे लावले होते," एमेट म्हणाला.

"मीही लावले होते. निघताना एकदा, आणि सकाळी तिनं पहिल्यांदा शेवाळ काढल्यावर पुन्हा." कॅप्टननं नजर पाण्यावरून हलवली नाही. "मी लावतो आणि ती काढते, पोरा."