लाड

बनियन डोक्यावर अडकलं होतं. रंगाऱ्याचा धडका हात बाहीतून बाहेर आला होता. दुसरा, शिडीवरून पडून कोपर मोडलेला, छातीशीच घुटमळत होता. आतून गुदमरलेला आवाज आला, "आई, जरा ओढ ना खाली."

खाटेच्या कडेवर बसलेली आई अर्धी उठली आणि पुन्हा बसली. दोन्ही हात तिनं मांड्यांखाली सारले.

"माझे हात गुंतलेत."

"कशात?"

"कामात."

ओट्यापाशी सून फिस्सकन हसली.

प्लास्टर काढून महिना झाला होता, पण कोपर काही सरळ होईना. काल फिजिओथेरपीच्या बाईंनी ते पुन्हा मोजलं, कपाळाला आठी घातली आणि विचारलं, "घरी यांना कपडे कोण घालतं?"

"मीच की," म्हातारी कौतुकानं म्हणाली होती. "आंघोळ घालते, घाससुद्धा भरवते. चाळिशीचा झाला म्हणून काय झालं?"

बाई हसल्या नाहीत. "आजी, हाड केव्हाच जुळलंय. आखडलेला सांधा वापरल्याशिवाय मोकळा होत नाही. तुम्ही असेच लाड केलेत, तर हा हात असाच राहील."

पंधरा दिवसांनी शाळेचं काम निघणार होतं. छतापर्यंत ब्रश पोचला तर ये, नाहीतर दुसरा माणूस घेतो, असं मुकादमानं स्वच्छ सांगितलं होतं.

"अहो, आधी दुखरा हात!" सून ओरडली. "बाईंनी शिकवलंय ना? काढा, पहिल्यापासून घाला."

"तूच ये आणि घाल मग!"

सून हात पुसत पुढे आली. "घालू का हो, आई? कळवळतायत बघा."

"खबरदार त्याला हात लावशील तर."

"कालपर्यंत तुम्हीच तर..."

"कालची अक्कल कालपाशी."

रंगाऱ्यानं रागारागानं बनियन उपसून काढलं. बाहीचं तोंड गोळा केलं, दुखरा हात आत घातला आणि ढकलू लागला. कोपर अडलं. मानेच्या शिरा तटतटल्या. म्हातारीनं दातांत ओठ धरला. लेकाच्या तोंडून "आई गं" निघालं, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली.

"थांबू नकोस," ती भिंतीलाच म्हणाली. "लाव जोर. अजून."

कोपर थरथरलं. बोटभर पुढे सरकलं, मग आणखी बोटभर. बाहीतून आधी नखं दिसली, मग सगळा पंजा. मग डोकं, मग धडका हात.

"झालं! आई, बघ. एकट्यानं!"

घामानं निथळत तो हसत होता. पडल्यापासून या घरात असं कुणी हसलं नव्हतं. म्हातारीनं वळून पाहिलं.

मग तिला दिसलं. बनियनच्या शिवणी बाहेर होत्या, लेबल गळ्याखाली लोंबत होतं. सुनेलाही ते दिसलं. असू द्या, अशी तिनं डोळ्यांनीच विनवणी केली.

"उलटं घातलंयस," म्हातारी म्हणाली. "काढ. परत घाल."