गणपतरावांचं वजन

तांदळाचा कट्टा गुडघ्यापर्यंत आला आणि तिथंच अडला. मनोहररावही अडले.

"ठेवा आता खाली," सुभद्राबाई म्हणाल्या. "डोळे बाहेर येऊन राहिले तुमचे."

"कट्टाच उचलल्या जात नाही, तर माणूस कसा उचलीन वं मी?"

त्यांच्या पोरीचं, भूमिकाचं लग्न कुहीच्या गणपतरावांच्या रोहितशी ठरलं होतं. आणि भूमिकानं बातमी आणली होती की रोहितच्या घराण्यात लग्नाच्या दारातल्या समधी भेटीला, म्हणजे व्याह्या-व्याह्यांच्या भेटीला, नुसती गळाभेट चालत नाही. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला उचलावं लागतं.

"अन् नाही उचललं तर?"

"नातवंडं झाली तरी हसतात म्हणे, बाबा."

गणपतराव म्हणजे धानाची कोठी. साखरपुड्याला ते सोफ्यावर बसले, तेव्हा दुसऱ्या टोकाच्या वच्छलामावशी चहासकट वर गेल्या होत्या.

"त्याइलेच फोन करून विचारू का एकदा?"

"काही नका विचारू!" भूमिका घाईनं म्हणाली. "पोरीच्या बापाले जमत नाही म्हणून विचारून राहिला, असं म्हणतील."

हे मनोहररावांना पटलं. इज्जतीची गोष्ट त्यांना लगेच पटे. तब्येतीची पटत नसे. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेव्हा ते चालत कोपऱ्यावर गेले आणि दोन प्लेट तर्री-पोहे खाऊन रिक्षानं परत आले. भूमिका रडली, भांडली, बूट आणून दिले. त्या बुटात पालीनं संसार मांडला.

आता पाल बेघर झाली. मनोहरराव पहाटे बेसाच्या रस्त्यानं पळू लागले. हार्डवेअरच्या दुकानात सिमेंटच्या गोण्या स्वतः उचलू लागले. गिऱ्हाईकं त्यांनाच विचारू लागली, "मालक कुठं आहे गा?"

एका सकाळी सरावासाठी त्यांनी स्वयंपाकघरात सुभद्राबाईंनाच कवेत धरून उचललं.

"ठेवा मले खाली! दूधवाला पाहून राहिला!"

"पाहू दे. तू हलू नको वं, तोल जाते माझा."

दूधवाल्यानं पिशवी पायरीवर ठेवली. त्यानंतर तो फाटकाबाहेरूनच आवाज देऊ लागला.

साड्या घ्यायला दोन्ही घरं इतवारीत भेटली, तेव्हा मनोहररावांनी गणपतरावांना आधी ओळखलंच नाही. गाल बसलेले. शर्ट खांद्यावर लोंबत होता. पँट पट्ट्याच्या भरवशावर.

"तब्येत बरी हाये ना, इवाईबुवा?"

"एकदम मस्त," गणपतराव म्हणाले. मग भरताचं वांगं पारखावं तसा त्यांनी मनोहररावांचा दंड दाबून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "तुम्ही भरून आले जी. वजन किती झालं?"

मनोहरराव गोंधळले. व्याह्यानं व्याह्याचं वजन काहून विचारावं?

"माणूस बिमार हाये," घरी आल्यावर ते म्हणाले. "अन् लपवून राहिले आपल्यापासून. मले तर वाटते, लग्न पुढं ढकलावं."

भूमिकाला ठसका लागला. "काही बिमार नाही, बाबा! धानाचं काम असते. उन्हात राहतात."

"आतापर्यंत काय सावलीत धान पिकवत होते का?"

भूमिका पाणी प्यायला गेली, ती परत आलीच नाही.

मनोहररावांना काही सुचेना. व्याही हलका झाला म्हणून खूश व्हावं, की त्याला काही झालं म्हणून रडावं? आणि भर वरातीत वर उचलल्यावर हवेतच काही झालं तर? पोरीचं लग्न बापाच्या हातानं मोडायचं. पण नाही उचललं, तरी पोरीनंच सासरी जन्मभर टोमणे ऐकायचे. त्यांनी पळणं वाढवलं. देवाला हात जोडले, पण नक्की काय मागावं ते ठरेना.

लग्नाच्या दिवशी वरात लॉनच्या दारात आली. बँड थांबला. हार घातले गेले. दोन्ही बाप एकमेकांना भिडले.

मनोहररावांनी श्वास धरला, गुडघे वाकवले, व्याह्याच्या कमरेला कव घातली आणि जोर लावला. त्याच क्षणी त्यांच्याही कमरेला कव बसली. दोघं लालबुंद झाले. दोघंही जमिनीवरच. लोकांना वाटलं, हुंड्यावरून जुंपली.

"सोडा ना, इवाईबुवा!" मनोहरराव दातावर दात धरून म्हणाले. "काहून अडवून राहिले? मले उचलू द्या!"

"तुम्ही कसे उचलान जी?" गणपतरावांनी त्यांच्या कानात धाप टाकली. "पोराच्या बापानंच उचलावं लागते. रोहितनं सांगतलं मले. त्याच्याचपायी तर तूप-भात सोडला, बांधाबांधानं पळालो. तुमच्या घरची रीत हाये म्हणून!"

मनोहररावांची पकड सुटली.

"आमच्या? अहो, ही तर तुमच्या घरची रीत हाये ना जी?"