बर्फातली पावलं

पुण्याहून सुट्टीला गावी, आष्टीला आलेल्या आदिनाथनं दुपारी टीव्हीला नवा गेम जोडला आणि बेल्जियमच्या बिअरच्या दोन बाटल्या फोडल्या. पिण्याआधी त्यानं बोट बुडवून तीन थेंब जमिनीवर शिंपडले, मेलेल्या आजोबाच्या नावानं.

"आबाला परदेशी चालती का बे?" मी हसलो.

"आबाला समदं चालायचं. ये आबा, बर्फ बघ!"

पडद्यावर बर्फाचा डोंगर उभा होता. खालून वरपर्यंत कोरा.

आणि त्या कोऱ्या बर्फात एक पाऊल उमटलं. मग दुसरं. चालणारं कुणीच दिसत नव्हतं.

"तू चालवतोस का?"

"न्हाई." कंट्रोलर टेबलावरच पडला होता.

पावलं अनवाणी होती. डाव्या पावलाला अंगठा नव्हता.

आदिनाथची बाटली हातातच राहिली. "आबाचा अंगठा ऊस तोडताना गेलता," तो हळूच म्हणाला.

आष्टीच्या उन्हात जन्म काढलेला म्हातारा बर्फात एकेक पाऊल रोवत वर चालला होता. आम्ही दोघं नकळत उभे राहिलो. पावलं शिखराला टेकली.

आदिनाथनं हात जोडले. "आबा, सांभाळून. लई घसरतंय."

पावलं वळली, आणि आमच्याकडं उतरू लागली.