लॉट

घर रिकामं करायचं होतं. जुनं फर्निचर घेणारा सामानावर खडूने खुणा करत होता. कपाट, टेबल, पलंग मिळून एक लॉट.

“आजी, जन्म गेला लॉट उचलण्यात. पण लॉट म्हणजे नक्की काय हो?”

इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाई खुर्चीत सावरून बसल्या. किती वर्षांनी कुणीतरी शब्दाचा अर्थ विचारला होता!

“हल्ली ढीगभर असलं की लॉट म्हणतात. मुळात मात्र लॉट म्हणजे चिठ्ठी. चिठ्ठ्या टाकून ज्याच्या वाट्याला जे येईल, तो त्याचा लॉट.”

“मग तुम्ही कुठल्या लॉटमध्ये?” खुर्चीवर खडू टेकवत तो हसला.



खोक्याला चिकटपट्टी लावता लावता थोरला मुलगा म्हणाला, “आईसाठी चिठ्ठ्या कालच टाकल्या आम्ही भावांनी. मी हरलो.”