समोरच्याचं म्हणणं

मांडीवरच्या बाळाला थोपटत मृण्मयीने फोन कानाशी धरला. वकिलांना घरून युक्तिवाद लिहून देणं हे तिचं काम. पक्षकारांची नावं तिला कधीच कळत नसत.

"आईची बाजू आहे गं," वकील सबनीसबाई म्हणाल्या. "आठ महिन्यांच्या पोरीचा ताबा बाप मागतोय. ‘नोकरी करणारी आई तान्ह्याला पुरी पडत नाही,’ असं समोरच्याचं म्हणणं. मेल्याने लिहिलंय मात्र बिनतोड! तूच खोडून काढ."

थोपटणारा हात थांबला. ते वाक्य तिचंच होतं, गेल्या आठवड्यात दुसऱ्या वकिलांना दिलेलं. एका खटल्यात दोन्हीकडून लिहिता येत नाही.

"बाई, मला नाही घेता येणार. कारण विचारू नका."

बाळ रडू लागलं.

"कळलं," त्या हळूच म्हणाल्या. "ठेव फोन. आधी त्याला बघ."