जुनी खरखर

किहीमच्या विपुलशेठने दिघीच्या एका घरातला जुनापुराणा रेकॉर्ड प्लेअर तबकड्यांसकट उचलला आणि दुरुस्तीला सिराजुद्दीनकडे दिला. सिराजुद्दीनने त्यात जीव ओतला. मोटर उघडली, पट्टा बदलला, नवी सुई बसवली आणि तबकड्या धुऊन अशा लख्ख केल्या की गाणारी बाई समोर बसून गातेय असं वाटावं.

बंगल्यावर पाहुणे यायच्या आधी त्याने प्लेअर लावून दाखवला. विपुलशेठचं तोंड आंबट झालं.

"चाचा, खरखर कुठाय?"

"काढली ना, शेठ. सगळा मळ साफ केला."

"अहो, तीच तर ऐकवायची होती! असला स्वच्छ आवाज मोबाइलवर फुकट येतो. वाट लावलीत माझ्या अँटिकची!"

 सिराजुद्दीन तबकडी काखोटीला मारून मागच्या समुद्रावर गेला आणि थोड्या वेळाने परत आला.

संध्याकाळी पाहुणे डोळे मिटून डुलत होते. विपुलशेठ हळूच म्हणाला, "ऐका. ही काळाची खरखर. नव्या वस्तूत येणं शक्यच नाही."

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या बंगल्यातून अमिषा मॅडमचा फोन आला. "चाचा, आमच्या नव्या रेकॉर्ड्सना पण तसली जुनी खरखर बसवून द्या ना."

"देतो की, मॅडम. वाळू कुठली लावू? बारीक की जाडी?"

मॅडमनी आवाज खाली आणला.

"विपुलकडे कुठली लावलीत?"

"बारीक."

"मग आम्हाला जाडी."