होळीआधीचा कूलर

“जीव गेला तरी होळीआधी या घरात कूलर लागणार नाही!” डोक्यावर ओला दुपट्टा गुंडाळून महादेवरावांनी जाहीर केलं. “सूर्याले कळवलं का?” बायकोनं, प्रेमिलानं, विचारलं. करार जुना होता: होळीपर्यंत खिडकीतला कूलर चिमणीचा, पिल्लं उडाली की महादेवरावांचा. यंदा नागपुरात ऊनच महिनाभर आधी आलं, कूलरच्या गवतात अजून अंडीच होती. पाणी सोडलं तर घरटं भिजणार, म्हणून दोघं घामात बसले. दुपारी महादेवरावांनी डोकावलं, तर चिमणी घरट्यात नव्हती. समोरच्या तारेवर चोच उघडून ती धापा टाकत होती. कूलरच्या पत्र्याला हात लावताच त्यांना चटका बसला. आत अंडी होती. डोक्यावरचा ओला दुपट्टा सोडून त्यांनी पत्र्यावर पसरला. चिमणी तारेवरच राहिली. दुपट्टा मात्र बघता बघता वाळला. “प्रेमिला,” ते म्हणाले, “पाण्याची बादली इकडेच आण वं.”